कोरी पट्टी

हल्लीच्या बॉक्सिंगचा विषय निघाला की पट्टीवाल्याच्या तोंडाला कुलूप घालायला त्याच्या बायकोलाच यावं लागायचं.

"ह्याला कार्ड म्हणतात?" तो सुरू व्हायचा. कार्ड म्हणजे एका संध्याकाळच्या सगळ्या लढती. "एक धड लढत, आणि तिच्या आधी चार रडतराऊ! लोक पहिल्या तीन लढतींना बाहेर चहा पीत उभे असतात. अरे, आमच्या वेळी एका संध्याकाळी सात लढती, आणि सातातली कुठलीही उचला, आज मुख्य लढत म्हणून मिरवेल. पहिली चुकू नये म्हणून माणसं कामावरून धावत यायची. तोडीस तोड जोड असायची! आता काय, एकाला घोड्यावर बसवायचं आधीच ठरलेलं, आणि दुसरा आणतात तो मार खायला."

यात खोटं काही नव्हतं. पण माणूस खरं बोलतो तेव्हा कशापायी बोलतो तेही बघावं लागतं. पट्टीवाला बोलायचा तो जळून बोलायचा, आणि त्याची बायको सोडली तर हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. ती नुसती म्हणायची, "झालं का पोटदुखीचं औषध घेऊन? मग जेवायला या."

दिवसा तो हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचा. लढती असल्या की बॉक्सरांच्या हातांना पट्ट्या बांधायचा, म्हणून त्याचं नाव पडलं पट्टीवाला. ग्लोव्ह्जच्या आत हाताला गॉझ आणि चिकटपट्टी बांधतात ना, ते काम. बाहेरून दिसत नाही, पण नीट नसलं तर बोटांची हाडं पहिल्या राउंडातच मोडतात. कधीकाळी तो स्वतःही लढला होता. तो आणि त्याचा साडू एकाच जिममध्ये घाम गाळून मोठे झाले, आणि पुढं दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं करून बसले. साडूला थोरली मिळाली, याला धाकटी. तिथंही नंबर दुसराच.

साडूला सगळे हातोडा म्हणत. हातोड्याची आता स्वतःची जिम होती. तिच्या दारातच काचेत घालून एक जुनं पोस्टर लावलेलं होतं. सात लढतींच्या त्या कार्डचं. तसं कार्ड त्या शहरानं पुन्हा बघितलं नाही, असं म्हातारे सांगत. तिसरी लढत हातोड्याची. तो दहाच्या दहा राउंड लढला, दोनदा पडला, दोनदा उठला आणि जिंकला. अजूनही बाजारात कुणी भेटलं की त्याचा हात हातात घेऊन सोडत नसे. आणि पोस्टरच्या तळाशी, छापणाऱ्याच्या पत्त्याच्या वरच्या ओळीत, बारीक अक्षरात पट्टीवाल्याचं नाव होतं.

"त्या कार्डवर मी होतो," एवढंच तो सांगायचा. ऐकणारा जे समजायचं ते समजायचा.

खरी गोष्ट अशी की तो राखीव होता. एखादी लढत लवकर आटोपली तर मधला वेळ भरायला एक जोडी ग्लोव्ह्ज चढवून तयार ठेवतात, तिला राखीव म्हणतात. त्या संध्याकाळी तो पट्ट्या बांधून बसला. अंग गरम केलं. अंग गार झालं. पुन्हा गरम केलं. पण कार्डच इतकं दणकट की एक लढत लवकर संपेल तर शपथ! भिंतीपलीकडं लोक गर्जत होते आणि हा आत बाकावर बसून प्रत्येक राउंडाची घंटा मोजत होता. शेवटी हॉल रिकामा झाला, दिवे गेले, आणि एक डोळा सुजून बंद झालेला हातोडाच कात्री घेऊन आत आला. त्यानं याच्या हातावरच्या पट्ट्या कापल्या. पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

पुढं पट्टीवाला लहानसहान हॉलमध्ये लढला, जिंकला, हरला, मनगट गेलं, संपलं. तसं कार्ड पुन्हा झालंच नाही. आणि हातोड्यानं आजवर कधीही, कुणापाशीही, स्वतःच्या बायकोपाशीसुद्धा, "तो त्या दिवशी लढला नव्हता बरं का" असं म्हटलं नाही. एकदा तरी चारचौघांत पितळ उघडं पाडलं असतं तर भांडता तरी आलं असतं! पण नाही. गप्प राहून उपकार करायचे, ही त्याची जुनी खोड. पट्टीवाल्याला ह्याचीच सगळ्यात जास्त आग व्हायची.

एकच गोष्ट होती जिथं हातोड्याला दाराबाहेर थांबावं लागे. हातोड्याचा मुलगा, बारक्या. नावाचा बारक्या, दारातून शिरताना मान वाकवावी लागायची. तोही बॉक्सर. पोरगा लहानपणापासून काकाच्या, म्हणजे पट्टीवाल्याच्या, हातचा. "माझे हात काकाच बांधणार," हे त्यानं पहिल्या लढतीपासून सांगून ठेवलेलं. हातोड्याचं सगळं काही होतं, नाव, जिम, पोरगा, पण पट्टी बांधायची वेळ आली की तोच म्हणायचा, "मी बसतो बाहेर, तुमचं चालू दे." ती घटकाभर पट्टीवाला जगाचा राजा असायचा.

पट्टी कशी पारखायची हेही त्यानंच बारक्याला शिकवलं होतं. "लढत झाली की पट्टी मधोमध कापायची आणि टेबलावर ठेवायची. घट्ट बांधलेली असेल तर कवचासारखी उभी राहते, मुठीचा आकार सोडत नाही. सैल असेल तर तिची चिंधी होते. तोंडानं कुणी काही सांगो, पट्टी खोटं बोलत नाही."

तर त्या दिवशी बारक्या राखीव होता.

"राखीव?" कळलं तेव्हा पट्टीवाल्याला बरं वाटलं होतं. का बरं वाटलं ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. तोंडानं म्हणाला, "होतं असं. चांगल्या चांगल्यांना बसावं लागतं."

हॉल तोच होता. फक्त आता छताला चित्र दाखवायचे मोठे पडदे टांगले होते आणि खेळाडूंच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही लावला होता. पट्टीवाल्यानं बारक्याला खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उलटं बसवलं आणि काम सुरू केलं. मनगटाभोवती वेढे, अंगठ्यावरून, बोटांच्या मधून, मग मुठीच्या हाडांवर गॉझची गादी. "मूठ मिट. उघड. मिट. टोचतंय?"

"नाही, काका. एकदम फिट्ट."

प्रतिस्पर्ध्याकडचा एक टकलू गृहस्थ रिवाजाप्रमाणे समोर उभा राहून बघत होता. पट्टीत कुणी काही लबाडी करू नये म्हणून समोरच्याचा माणूस असा उभा असतोच. त्यानं दोन्ही मुठी दाबून बघितल्या आणि मान डोलावली. "बांधावी तर अशी!" मग तपासनीस आला, दोन्ही पट्ट्यांवर पेनानं सही केली आणि रिंगकडे गेला. एकदा सही झाली की पट्टीला हात लावायचा नाही. लावला तर नव्यानं बांधायची आणि तपासनिसाला पुन्हा बोलवायचं. टकलूही आपल्या खोलीत गेला.

आणि बाहेर कार्ड ढासळायला लागलं. पहिली लढत लोक खुर्च्या शोधत होते तोवर संपली. दुसरीतल्या एकाला डॉक्टरनं उभंच राहू दिलं नाही. तिसरीतला पाहुणा तर असा, की वाऱ्यानंच पडला.

"बघ! बघ!" पट्टीवाला टीव्हीकडे हात नाचवत म्हणाला. "ह्यांना लढती म्हणायचं! आमच्या वेळी असल्यांना दारावर तिकिटं फाडायलासुद्धा ठेवलं नसतं."

बारक्या हसला. हे त्याला पाठ होतं.

इतक्यात कानात यंत्र घातलेला आयोजकांचा माणूस आत आला. घामाघूम. "चौथी पण आटपली हो! मुख्य लढतीला अजून केवढा वेळ आहे, आणि हॉल खचाखच भरलाय. राखीव लढत आत्ता घेतोय. सगळे कॅमेरे चालू राहतील. ग्लोव्ह्ज चढवा, मी लगेच न्यायला येतो. दोन राखीव जोड्या आहेत, पण तुमचीच नेणार. पडद्यावर आधी हातोडासाहेबांचा जुना फोटो दाखवायचाय, सात लढतींच्या कार्डचा. 'त्या कार्डवर बाप, आज मुलगा.' लोक डोक्यावर घेतील!"

तो गेला. बारक्या उभाच राहिला. "काका! मुख्य लढतीच्या आधी! भरलेला हॉल!"

"हं," पट्टीवाला म्हणाला.

ग्लोव्ह उचलता उचलता तो मनात म्हणाला, ह्याला म्हणतात नशीब! बाप त्या दणकट कार्डवर लढला, आणि पोराला कार्ड पोकळ निघालं म्हणून आयतं ताट मिळालं. दोघांचंही भलं. दणकट कार्ड असो नाहीतर भुक्कड, सुखात हातोड्याचंच घर. आणि मी? सात लढतींतली एक, फक्त एक जरी आजच्यासारखी फुसकी निघाली असती, तर मीही त्या दारातून बाहेर गेलो असतो. गेली सगळी वर्षं मी त्याच लढतींची आरती ओवाळतोय, ज्यांनी मला गिळलं!

"काका," बारक्या म्हणाला. पोराच्या मनात काही नव्हतं, हे सांगायला पाहिजे. "तुम्ही त्या संध्याकाळी भरलेल्या हॉलमध्ये निघालात, तेव्हा तुम्हालाही असंच झालं होतं का? छाती फुटेल असं? खरं तर पडद्यावर तुमचाही फोटो दाखवायला हवा."

पट्टीवाल्यानं ग्लोव्ह उचलला होता, तो खाली ठेवला.

"उजवा हात बघू."

"का?"

"मूठ मिट." त्यानं मूठ दाबली. पट्टी दगडासारखी होती. "सैल झालीय."

"मला तर काही..."

"तुला जास्त कळतं का मला? मनगटाशी सैल झालीय. हाड जाईल आणि मग बस बोंबलत." आणि त्यानं कात्री घेतली. बारक्यानं हात पुढं केला, लगेच, काही न विचारता. काका म्हणतात म्हणजे असेल. कात्री सहीच्या बाजूनं सरसर खाली गेली. पट्टीवाल्यानं कापलेली पट्टी बाकाखाली ढकलली आणि नवं गॉझ सोडायला घेतलं. सावकाश घेतलं.

आयोजकांचा माणूस आला आणि दारातच थबकला. "अहो, हे काय? तयार होतात ना?"

"हात आहे तो, भाजी नव्हे. वेळ लागतो."

"आणि तपासनीस रिंगपाशी बसलेत! त्यांना आणा, बघा, सही करा..." त्यानं कानातल्या यंत्रावर बोट ठेवलं, काहीतरी ऐकलं, चरफडला. "नाही जमणार. दुसऱ्या जोडीला नेतो. तुम्ही मुख्य लढतीनंतर. काळजी करू नका हो, मुख्य लढत दोन राउंडात संपतेय. समोरचा कोण आहे माहितीये ना? बस चालवतो. आयत्या वेळी पकडून आणलाय. ती संपली की लगेच तुम्ही, लोक उठायच्या आत. फक्त हॉल वेळेवर खाली करायचाय, तेवढं सांभाळा."

बारक्या हळूच खुर्चीवर बसला. "असू दे, काका," तोच म्हणाला. "हात महत्त्वाचा."

रागाचा भर असा असतो बघा, चढताना कळत नाही आणि उतरला की पायाखाली जमीन राहत नाही. अरे, हे काय केलं मी? पट्टीवाल्यानं पट्टी बांधली, आयुष्यात बांधली नसेल अशी भराभर आणि घट्ट. टकलूला धावत जाऊन आणलं. तपासनिसाला गाठून त्याची सही घेतली, ग्लोव्ह्ज चढवले. बारक्याचं अंग गरम करून घेतलं. टीव्हीवर दुसऱ्या जोडीतला कुणीतरी पोरगा भरल्या हॉलमध्ये जिंकून हात वर करत होता, आणि लोक त्याला डोक्यावर घेत होते.

मग मुख्य लढत सुरू झाली.

"दोन राउंड," पट्टीवाला टीव्हीपुढं उभा राहून पुटपुटला. "आडवा कर रे त्याला. तीनात कर. लवकर आटप, बाबा."

गतविजेता पुढं आला, बसवाल्याला त्यानं दोरांवर ढकललं, आणि बसवाल्यानं खालून असा एक ठोसा हाणला की गतविजेत्याचे गुडघेच वाकले. अख्खा हॉल उभा राहिला. भिंत हादरली. तिसऱ्या राउंडात बसवाला पडला आणि उठला. पाचव्यात गतविजेता पडला आणि उठला. सहाव्यात दोघं रिंगच्या मधोमध डोक्याला डोकं लावून उभे, एक इंच कुणी सरकेना. टीव्हीवरचा निवेदक घसा फोडून ओरडत होता, "अशी लढत कित्येक वर्षांत झाली नाही! जुन्या दिवसांची आठवण झाली!"

झाली ना तीच लढत! जिच्या नावानं हा माणूस इतकी वर्षं उसासे टाकत होता, ती एकदाची समोर उभी राहिली, आणि हा तिला मनातल्या मनात शिव्या घालत होता. दर राउंडाची घंटा झाली की तो टाचा उचलून बघायचा, कुणी पडलंय का. कुणी पडत नव्हतं.

बारक्यानं दोनदा अंग गरम केलं. दोनदा गार झालं. मग तो बाकावर बसला, ग्लोव्ह्ज मांडीवर ठेवून, आणि भिंतीपलीकडची गर्जना ऐकत राहिला. पट्टीवाल्याला त्याच्याकडे बघवेना. ते बसणं त्याच्या ओळखीचं होतं.

बारावा राउंडही पूर्ण झाला. निकाल लागला, लोक नाचले, वेळ संपली. आयोजकांच्या माणसानं दारातून नुसतं डोकं आत घातलं. तो आनंदानं वेडा झाला होता. "काय लढत! काय लढत! सॉरी हो, राखीव रद्द. हॉल खाली करायचाय."



"काढा," बारक्यानं हात पुढं केले. पट्टीवाल्यानं ग्लोव्ह्ज सोडवले आणि कात्री घेतली. डावी पट्टी कापली. उजवी कापली. दोन्ही कोऱ्या होत्या.

"तुमच्या वेळी असं व्हायचं का हो?" बारक्यानं विचारलं.

"व्हायचं." पट्टीवाल्यानं कात्री खाली जमिनीवर ठेवली. "मला झालं होतं. त्याच कार्डला. मी लढलोच नाही रे त्या दिवशी. नुसता बसून होतो."

बारक्यानं त्याच्याकडे बघितलं. पोराच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग दया. मग तो बूट सोडायला वाकला, आणि बाकाखाली हात घालून त्यानं ती पहिली पट्टी बाहेर काढली. टेबलावर ठेवली.

ती उभी राहिली. मुठीचा आकार तसाच, मनगटाशी वेढे एकावर एक, आणि बाजूला तपासनिसाची सही. तो तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरची दया हळूहळू गेली. त्यानं बोटानं तिला टिचकी मारली. ती हलली नाही.



तेवढ्यात दार ढकलून हातोडा आत आला. "का रे, मुख्य लढतीच्या आधी तुला नेणार होते ना? माझा फोटो दाखवणार होते म्हणे. मी आणि तुझी आई तिथं माना वर करून बसलोय! काय झालं?"

बारक्या काकाकडे बघत नव्हता. "पट्टी सैल झाली होती, बाबा," तो म्हणाला. "परत बांधावी लागली."

हातोड्याची नजर टेबलावर गेली. जुना बॉक्सर तो, त्याला काय शिकवायचं? त्यानं पट्टी बघितली, जमिनीवर पडलेली कात्री बघितली, साडूचा पांढराफटक चेहरा बघितला. एवढ्या वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये जसा गप्प राहिला होता, तसाच गप्प राहिला.

"होतं असं," शेवटी तो म्हणाला. "चला. दोघी बहिणी गाडीपाशी थांबल्यात."

बारक्यानं पिशवी खांद्याला लावली. दाराशी जाऊन थांबला.

"बाबा, पुढच्या वेळी हात तुम्ही बांधा."

"मी?" हातोडा गोंधळला. "मला कुठं येतं ते? ते तर काकांचं..."

"शिका ना."

हातोड्यानं एकदा पोराकडे बघितलं, एकदा साडूकडे. "बरं," तो म्हणाला. "शिकतो."

दोघं गेले. बारक्याला दारातून जाताना मान वाकवावी लागली. पट्टीवाल्यानं कात्री उचलली आणि सवयीनं पुसायला घेतली. तिला काही लागलेलंच नव्हतं.